रानपिंगळ्याची चिठ्ठी

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आमचे जुने घर धुळ्याच्या एका गल्लीत होते. थंडीच्या दिवसांत पहाटे, अजून अंधार असताना, दारावर पिंगळा यायचा. अंगावर घोंगडी, एका हातात कंदील, दुसऱ्या हातात वाजणारे कुडमुडे. पिंगळा नावाच्या पाखराची भाषा आपल्याला कळते, ते रात्री जे बोलते तेच आपण सकाळी सांगतो, असा त्याचा दावा असे. आजी सुपातून दादर आणून त्याच्या झोळीत घालायची आणि तो सांगेल ते भविष्य हात जोडून ऐकायची. एकदा मी तिला विचारले, ‘आजी, पिंगळा म्हणजे हा माणूस की ते पाखरू?’ आजी म्हणाली, ‘पाखराचं नाव माणसाला पडलं रे बाबा. एकाचं नाव दुसऱ्याला असंच लागतं.’

पुढे मी प्राणिशास्त्र शिकलो आणि धुळ्यातच एका महाविद्यालयात अनेक वर्षे तो विषय शिकवला. एकाचे नाव दुसऱ्याला लागू नये, म्हणूनच जीवशास्त्रात नावे देण्याचे एवढे मोठे शास्त्र उभे राहिले आहे, हे तेव्हा कळले. आणि हे शास्त्र कुठे कुठे फसते, हेही कळले. आज त्यातलीच एक गोष्ट सांगणार आहे. ती एका घुबडाची आहे आणि ती आपल्या खानदेशात घडली आहे.

पिंगळा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. पडक्या वाड्यात, वडाच्या ढोलीत राहणारे, अंगावर पांढरे ठिपके असलेले, संध्याकाळ झाली की जोडीने कलकलाट करणारे लहानसे घुबड. शास्त्रीय भाषेत त्याचे नाव अथेने ब्रामा. त्याचा एक भाऊबंद सातपुड्याच्या सागवानी जंगलात राहतो. तो अंगाने जरा थोराड, डोके मोठे, पंजे दणकट. डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीत, पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र. घुबड असूनही हा भरदिवसा उघड्या फांदीवर उन्हात बसतो, शेपटी हलवतो आणि दिवसाच शिकार करतो. मराठीत त्याला रानपिंगळा म्हणतात.

हा रानपिंगळा १८८४ नंतर शास्त्रज्ञांना ११३ वर्षे सापडला नाही. तो नामशेष झाला असावा, असे पुष्कळांनी धरून चालले होते. आणि तो सापडला नाही याला एक कारण होते एक खोटी चिठ्ठी. ती चिठ्ठी काय होती हे समजायला आधी प्राण्यांची नावे कशी ठरतात ते थोडे पाहायला हवे.

स्वीडनमध्ये कार्ल लिनिअस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्या आधी युरोपातले विद्वान एखाद्या झाडाचे नाव म्हणजे त्याचे वर्णनच लिहीत. अमुक आकाराच्या पानांचे, तमुक रंगाच्या फुलांचे, असे ओळभर लॅटिन. लिनिअसने १७५३ मध्ये वनस्पतींना आणि १७५८ मध्ये प्राण्यांना सरसकट दोन शब्दांची नावे दिली. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर जसे आडनाव आधी आणि नाव नंतर लिहितात, तसेच हे आहे. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे घराण्याचा. दुसरा शब्द जातीचा, म्हणजे त्या घराण्यातल्या एकाचा. गावात पाटील दहा असतील, पण ‘पाटील रमेश’ म्हटले की माणूस कळतो. तसेच अथेने हे घराणे आणि ब्रामा म्हणजे आपला पिंगळा. अनेक प्रजाती मिळून कुल होते, कुले मिळून गण, गण मिळून वर्ग, अशी ही भाऊबंदकी वर वर जाते.

पण नुसते नाव देऊन भागत नाही. उद्या कोणी विचारले की तुम्ही हे नाव नेमके कोणाला दिलेत, तर उत्तर दाखवता आले पाहिजे. म्हणून नाव देताना एक नमुना राखून ठेवायचा, अशी रीत पडली. त्याला नामप्ररूप म्हणतात. पक्ष्याच्या बाबतीत आत कापूस भरलेले कातडे असते आणि त्याच्या पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असते. चिठ्ठीवर तीन गोष्टी हव्यातच. कोणी मिळवला, कुठे मिळवला, कधी मिळवला. घराला जसा सातबारा, तशी नमुन्याला ही चिठ्ठी. ती नसेल तर ते कातडे म्हणजे शोभेची वस्तू.

आता आपल्या घुबडाकडे येऊ. डिसेंबर १८७२ मध्ये ब्ल्यूइट नावाच्या एका इंग्रजाला आजच्या छत्तीसगडातल्या बसना-फुलझर भागात एक अनोळखी छोटे घुबड मिळाले. त्याने ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवले. होय, पुढे १८८५ मध्ये ज्यांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तेच हे ह्यूम. सरकारी नोकरी सांभाळून ते हिंदुस्थानभरच्या पक्ष्यांचे नमुने जमवत आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे पक्षिशास्त्राचे नियतकालिक चालवत. १८७३ मध्ये त्यांनी या घुबडाचे वर्णन छापले आणि नाव दिले हेटेरोग्लॉक्स ब्ल्यूइटी. ग्लॉक्स म्हणजे ग्रीक भाषेत घुबड, हेटेरो म्हणजे निराळे. हे निराळेच घुबड आहे, नेहमीच्या पिंगळ्याच्या घराण्यातले नाही, असे ह्यूम यांचे मत होते. ब्ल्यूइटी म्हणजे ब्ल्यूइटचे.

ह्यूम यांच्या संग्रहाची कथाही ऐकण्यासारखी आहे. कित्येक वर्षे खपून लिहिलेली त्यांची हस्तलिखिते एका नोकराने रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली. त्या धक्क्याने त्यांचे पक्ष्यांवरचे मन उडाले आणि १८८५ मध्ये सुमारे ८०,००० कातडी आणि अंडी त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकली. त्याच वर्षी मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. पुढे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन आपल्या जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यातल्या फैजपूरला झाले, हे खानदेशात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्याच यावल तालुक्यात, सातपुड्याच्या अंगाला जे अभयारण्य आहे, तिथे आज रानपिंगळ्याची नोंद आहे. ह्यूम यांनी स्थापलेला पक्ष आणि ह्यूम यांनी नाव दिलेला पक्षी, दोघेही एका तालुक्यात येऊन गेले म्हणायचे.

ब्ल्यूइटनंतर व्हॅलेंटाइन बॉल नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला १८७७ मध्ये आजच्या ओडिशातल्या खरियार भागात आणखी एक नमुना मिळाला. मग पाळी आली खानदेशाची. जेम्स डेव्हिडसन हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. नोकरीनिमित्त ते आपल्या भागात होते. त्या वेळी खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांनाच पुढे जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. डेव्हिडसन यांनी पश्चिमेकडच्या पट्ट्यातल्या पक्ष्यांची एक यादी १८८२ मध्ये ह्यूम यांच्याच नियतकालिकात छापली. शहादा-तळोद्याकडच्या जंगलात त्यांनी रानपिंगळ्याचे पाच नमुने मिळवले. म्हणजे जगात या पक्ष्याची एकूण सात कातडी होती, त्यांतली पाच आपल्या खानदेशची.

पण कागदोपत्री हा हिशेब निराळा दिसत होता. कागदोपत्री खानदेशची कातडी चारच होती. सातवे कातडे होते गुजरातचे आणि तारीख होती १९१४ ची.

ते कसे, हे सांगण्याआधी मला स्वतःची एक चूक सांगायची आहे. आमच्या विभागात जुन्या बरण्यांचे एक कपाट होते. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले साप, बेडूक, पाली. मी नवा नवा लागलो होतो, अंगात उत्साह होता. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि आमचे शिपाईमामा मिळून ते कपाट साफ करायला घेतले. बरण्या धुताना बऱ्याच चिठ्ठ्या भिजून निघून आल्या. शिपाईमामा म्हणाले, ‘सर, आधी वहीत उतरवून घ्यायचं का? मग धुऊ.’ मी म्हटले, ‘अहो मामा, माझ्या लक्षात आहेत सगळ्या.’ नव्या चिठ्ठ्या मी सुवाच्य अक्षरात लिहिल्या आणि आठवणीने चिकटवल्या. काम सुंदर दिसत होते. विभागप्रमुखांनी कौतुकही केले.

पंधरा-सोळा वर्षांनी पालींवर संशोधन करणारा एक मुलगा आला. अलीकडे महाराष्ट्रात पालींच्या पुष्कळ नव्या जाती वर्णन झाल्या आहेत. आपण ज्यांना एकच पाल समजत होतो त्यांच्यात डोंगरागणिक वेगळ्या जाती निघत आहेत, त्यामुळे पाल कोणत्या डोंगरावरची हे फार महत्त्वाचे असते. त्याने एक बरणी उचलली. चिठ्ठीवर माझ्या अक्षरात लिहिले होते, ‘लळिंग’. त्याने विचारले, ‘सर, ही नक्की लळिंगची का? मला ही तोरणमाळची वाटते आहे.’ मी उत्तर देऊ शकलो नाही. शेजारची तोरणमाळची बरणी आणि ही, यांची अदलाबदल झाली नसेल असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतो. त्याने काही न बोलता बरणी जागेवर ठेवली. त्या पालीचा त्याला काहीच उपयोग उरला नव्हता. माझ्या हातून हे निष्काळजीपणाने झाले. पण हेच काम कोणी जाणूनबुजून केले तर?

तसे करणारा एक माणूस होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. जन्म १८७८ चा, मृत्यू १९६७ चा. ब्रिटिश सैन्यातला अधिकारी, गुप्तहेर, शिकारी आणि नामांकित पक्षिशास्त्रज्ञ. त्याच्या पराक्रमाच्या कथा युरोपभर सांगितल्या जात. आपल्या संग्रहातली सुमारे २०,००० कातडी त्याने १९५४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिली. त्यांत एक रानपिंगळ्याचे होते. चिठ्ठीवर लिहिले होते, ऑक्टोबर १९१४, तापीकाठचे मांडवी. मांडवी म्हणजे आजच्या सुरत जिल्ह्यातले. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? रानपिंगळा १९१४ पर्यंत तरी जिवंत होता आणि गुजरातेत होता, असे पुस्तकांत नोंदले गेले. पुढच्या पिढ्यांनी त्याच्या प्रदेशाचा नकाशा काढताना त्या चिठ्ठीला धरून काढला. सलीम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्यासारख्यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला, पण तो त्यांना मिळाला नाही. अधूनमधून कोणी तो पाहिल्याचे सांगे, छायाचित्र दाखवे. तपासल्यावर तो साधा पिंगळा निघे.

माइनर्ट्झहागेनच्या कातड्यांबद्दल कुजबुज जुनीच होती. ॲलन नॉक्स या पक्षितज्ज्ञाने १९९३ मध्ये त्याचे काही नमुने तपासून फसवणुकीचा प्रश्न उघडपणे मांडला. त्याच सुमारास पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक दक्षिण आशियातल्या पक्ष्यांवरच्या एका मोठ्या पुस्तकासाठी संग्रहालयांतली कातडी एकेक करून पाहत होत्या. रानपिंगळ्याचे ते १९१४ चे कातडे त्यांना खटकले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पक्ष्याचे कातडे भरणे हे हातकाम आहे. एखाद्या बाईची गोधडी जशी टाक्यांवरून ओळखू येते, तसेच इथेही असते. कापूस कसा भरला, टाके कसे घातले, पंखाच्या सांध्याशी काय केले, चरबी कशी काढली, यावरून भरणारा ओळखता येतो. रासमुसेन यांनी त्या कातड्याची आतून-बाहेरून तपासणी केली, क्ष-किरण छायाचित्रेही काढली. कातडे एकदा उसवून पुन्हा भरलेले होते. पण जुन्या हाताच्या खुणा आत शिल्लक होत्या आणि त्या डेव्हिडसन यांनी भरलेल्या इतर कातड्यांशी जुळल्या. म्हणजे डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेले पाचवे कातडे ब्रिटिश म्युझियममधून चोरले गेले होते, त्याची जुनी चिठ्ठी काढून टाकली होती आणि गुजरातेतले ठिकाण व १९१४ ची तारीख घालून ते कर्नलसाहेबांनी स्वतःच्या नावावर चढवले होते. निगेल कॉलर यांच्यासह रासमुसेन यांनी १९९९ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात हे सगळे पुराव्यानिशी छापले.

पण त्याआधीच एक काम झाले होते. खोटी चिठ्ठी बाजूला काढली की खऱ्या चिठ्ठ्या उरल्या. त्यांवर छत्तीसगड-ओडिशाचा भाग होता आणि शहादा-तळोदा होते. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे त्या खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढत आले. आधी त्यांनी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या. तिथे हाती काही लागले नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या जंगलात, एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, तो उन्हात बसलेला दिसला. डोक्यावर ठिपके नाहीत, पोट पांढरे, पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले. डेव्हिडसन यांनी त्याला जिथे नोंदवले होते, तो तिथेच होता.

तेव्हा शहादा तालुका धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. वर्तमानपत्रात ती बातमी वाचली, त्या दिवशी मी वर्गात नेहमीचा पाठ बाजूला ठेवला. शहाद्याकडची तीन-चार मुले वर्गात होती. त्यांतला एक म्हणाला, ‘सर, असं घुबड आमच्या शेताच्या बांधावर बसतं.’ त्याने पाहिलेला पिंगळा होता की रानपिंगळा, हे आता सांगता यायचे नाही. पण जंगलाकाठी राहणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर तो पक्षी त्या ११३ वर्षांत कधी ना कधी येतच असणार, एवढे नक्की. हरवला होता तो पुस्तकातून.

यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी १९९८ ते २००० या काळात पद्धतशीर पाहणी केली. तोरणमाळ आणि तळोदा, मेळघाट आणि मध्य प्रदेशातले खकनार अशा चार ठिकाणी मिळून २५ रानपिंगळे त्यांना आढळले. पुढे यावलमध्ये नोंद झाली. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात तो दिसला. मग गुजरातेतही, डांगच्या पूर्णा अभयारण्यात मिळाला. कोणी म्हणेल, बघा, शेवटी गुजरातेत निघालाच की, मग कर्नल खोटे कसे? तर तसे नाही. परीक्षेत शेजारच्याचे पाहून लिहिलेले उत्तर बरोबर आले, म्हणून ते आपले होत नाही. गुजरातचा रानपिंगळा ज्यांनी रानात हिंडून पाहिला, त्यांचा तो शोध.

आता नावाच्या पहिल्या शब्दाबद्दल. ह्यूम यांनी त्याला निराळे घराणे दिले होते. पुढच्या शास्त्रज्ञांना ते पटले नाही. त्यांनी त्याला साध्या पिंगळ्याच्या अथेने घराण्यात घातले. अथेने ही ग्रीकांची विद्येची देवता आणि घुबड हा तिचा पक्षी. जिवंत पक्षी सापडल्यावर त्याची कवटी, हाडे आणि वागणे पाहून काहींना वाटले की ह्यूम यांचेच बरोबर होते. वाद पुन्हा उभा राहिला. शेवटी भारतातल्या संशोधकांनी डीएनए तपासला आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापला. रानपिंगळा अथेने घराण्याच्या फांद्यांमध्येच बसतो. म्हणून आज त्याचे नाव असे लिहितात: अथेने ब्ल्यूइटी (ह्यूम, १८७३). या कंसाला अर्थ आहे. नाव प्रथम देणाऱ्याने जी प्रजाती सांगितली होती ती पुढे बदलली असेल, तर प्राणिशास्त्रात त्याचे नाव कंसात घालतात. ह्यूम यांचे घराण्याबद्दलचे मत टिकले नाही, तरी त्यांनी दिलेला दुसरा शब्द आणि त्यांचे श्रेय कोणी काढून घेतलेले नाही.

शास्त्रीय नावे सारखी का बदलतात, अशी तक्रार विद्यार्थी नेहमी करतात. मी त्यांना आपल्या जळगावच्या केळीचे उदाहरण देतो. लिनिअसने १७५३ मध्ये केळीला म्यूझा पॅराडिसियाका हे नाव दिले आणि सहा वर्षांनी म्यूझा सेपिएंटम हे दुसरे. त्याला त्या दोन जाती वाटल्या. पुढे कळले की हे दोन्ही माणसाने लावून वाढवलेले संकर आहेत आणि त्यांच्यामागे म्यूझा ॲक्युमिनाटा आणि म्यूझा बाल्बिसियाना या दोन रानटी केळी आहेत. १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी केळीचे वाण ओळखायला नवी पद्धत बसवली. कोणत्या वाणात कोणत्या रानकेळीचा किती अंश, हे त्यात अक्षरांनी दाखवतात. आपली बसराई पूर्णपणे ॲक्युमिनाटाच्या वंशातली. लिनिअससारख्याचे चुकले, ते दुरुस्त झाले. त्याने जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले होते, म्हणून दुरुस्त करता आले. चूक आणि खोटेपणा यांत हा फरक आहे. चुकीचा माग काढता येतो. खोटा माणूस माग पुसून ठेवतो.

याची किंमत नुसती विद्वानांनी भरलेली नाही. जो प्राणी कुठे राहतो हेच ठाऊक नाही, त्याचे जंगल राखा असे कोणाला सांगणार? ज्या वर्षांत रानपिंगळा कागदावर नामशेष होता, त्याच वर्षांत सातपुड्याची जंगले तुटत गेली. १९९० च्या दशकात तळोद्याच्या वनातली मोठी जमीन सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी द्यावी लागली. विस्थापितांना जमीन मिळायलाच हवी होती, त्याबद्दल माझा वाद नाही. पण निर्णय झाला तेव्हा त्या रानात जगातले एक अत्यंत दुर्मीळ घुबड असू शकते, हे सांगायला कोणी नव्हते. सांगायला लागणारा पुरावा लंडनच्या एका खणात, दुसऱ्याच गावचे नाव पायाला बांधून पडला होता. आज जागतिक यादीत रानपिंगळा ‘संकटग्रस्त’ आहे. २०१८ पर्यंत तो त्याहून वरच्या, ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात होता. नव्या जागा सापडल्या म्हणून वर्ग बदलला. म्हणजे हाही फरक नीट लिहिलेल्या नोंदींनीच केला.

आम्हा धुळेकरांना खरे तर हे नवे नाही. इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर जुनी दप्तरे शोधत गावोगाव हिंडले आणि १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ गावात आहे. एखादा कागद कोणाच्या घरी, कोणत्या गावी मिळाला, हे लिहिलेले नसेल तर इतिहासकाराला तो कागद निम्माच कळतो. जंगलातला जीवही तसाच वाचावा लागतो.

निवृत्त होण्याच्या आदल्या महिन्यात मी त्या कपाटापाशी पुन्हा गेलो. ज्या बरण्यांची मला खात्री नव्हती, त्या सगळ्यांवरच्या माझ्या सुवाच्य चिठ्ठ्या काढल्या. त्या चिठ्ठ्या फेकल्या नाहीत, एका पाकिटात घालून कपाटातच ठेवल्या आणि पाकिटावर काय घडले ते तारखेसह लिहिले. त्या पालीच्या बरणीवर नवी चिठ्ठी लावली. ‘स्थळ: अनिश्चित. लळिंग किंवा तोरणमाळ.’ खाली सही केली. शिपाईमामा तोवर निवृत्त झाले होते. ते असते तर म्हणाले असते, ‘सर, मी तेव्हाच सांगत होतो.’

आपल्यापैकी कोणी सातपुड्यात गेलात, तोरणमाळला किंवा यावलच्या जंगलात, आणि भरदुपारी एखाद्या वठलेल्या झाडावर ठिपके नसलेले ठेंगणे घुबड शेपटी हलवताना दिसले, तर त्याला दगड मारू नका आणि अपशकुन समजून तोंड फिरवू नका. थोडे थांबून नीट पाहा. जवळ वही असेल तर गाव, तारीख, वेळ लिहून ठेवा. खात्री नसेल तर खात्री नाही, असेही लिहा.